उलटी मोटार

तीस वर्षं मी जळलेल्या मोटारी भरल्या
उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत, आठ बाय दहाच्या गाळ्यात.
शिरोलीहून, कळंब्याहून, पार गगनबावड्याहून
पोत्यात गुंडाळून यायच्या.
खोलायच्या आधीच वास सांगायचा:
एक फेज गेलेली, का व्होल्टेज पडलेलं,
का मालकानं स्टार्टरात काडी खोचलेली.

आता गाळा पुतण्याकडं. मी गच्चीवर.

नऊ कॉइल, प्रत्येकीत नव्वद वेढे.
दोन चकत्यांवर चुंबकं, उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण.
पहिल्याच दिवशी दोन चुंबकांत अंगठा सापडला,
नख काळं होऊन गळलं, नवं यायला संक्रांत उजाडली.
दस्तगीर टर्नरनं लेथवर हब काढून दिला,
पैसे घेतले नाहीत. म्हणाला,
"मामा, मोटार करंट खाती आणि फिरती.
तुमची ही फिरणार आणि करंट ओकणार.
उलटीच की ओ!"
आणि स्वतःच्याच विनोदावर चहा सांडेपर्यंत हसला.

पाती तीन, सहा इंची पाइपाची.
शालननं भाजीच्या तराजूत एकेक तोलली.
जड निघाली तिला मी कानशीनं घासत गेलो,
ती "अजून... अजून... बास" म्हणत गेली,
आमटीत मीठ टाकताना म्हणते तसं.

पॅनेल दोन, तोंड दक्षिणेला.
दक्षिणेला पाय करून कुणी झोपू नये
असं मानणाऱ्या घरात
दक्षिणेकडंच बघत बसलेले हे नवे पाहुणे.
कल सतरा अंश, नातीच्या कोनमापकानं.
अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालताना
घोरपडे वहिनी भिंतीवरनं वाकल्या,
"काय पुरालाय ओ?"
"भूत," म्हणालो.
त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

फाल्गुन गेला. चैत्र गेला.
पॅनेलं इमानी. दहाला अँपिअर चढायचे,
चारला उतरायचे, कचेरीतल्या कारकुनासारखे.
खांबावरची पाती मात्र ढिम्म.
तालमीकडं निघालेली पोरं वर बघून ओरडायची,
"मामा, तुमच्या पंख्याला एक पंखा लावा!"
शालन काही बोलायची नाही.
न बोलणं तिला फार चांगलं येतं.

मग आषाढात सूर्य रजेवर गेला.
आठ-नऊ दिवस पॅनेलांवर नुसती ढगांची साय,
बॅटरी अकरा पॉइंट आठवर बसून धापा टाकणारी.
आणि एका रात्री पन्हाळ्याच्या अंगानं काहीतरी उठलं.
ताणाच्या चारी तारा आधी गुणगुणल्या,
मग खांब, मग जिन्याचा कठडा, मग माझी हलती दाढ.
मीटरची सुई शून्यावर थरथरली.
अर्धा अँपिअर. दीड. चार.
तेवढ्यात गल्लीची लाईट गेली,
नेहमीसारखा पोरांचा ओरडा झाला,
आणि आमच्या स्वैपाकघरातला नऊ वॅटचा दिवा
पापणीही न हलवता तसाच.

शालन भाकरी थापत होती. वर न बघताच म्हणाली,
"वारं आलं वाटतं."

मी गच्चीकडं पळालो.
पावसात, खांबाखाली, नाक वर करून
कुत्र्यासारखा उभा राहिलो.
जुनी खोड. काही फिरलं की आधी हुंगायचं.
माझ्याकडं आलेली प्रत्येक मोटार जळूनच आली;
बरी झालेली एकही कधी सांगायला आली नाही
की मिस्त्री, ठीक चाललंय.

ओली कौलं. कुणाच्या तरी घरचं सुकट.
आणि मग तो वास. जळाल्याचा, स्पष्ट.
पोटात गोळा आला. हात ब्रेकच्या दोरीवर गेला,
आणि मागं बांगड्या वाजल्या.
शालन होती, कोपरापर्यंत पीठ,
वर बघत, तोंड उघडं, केस भिजलेले.

"तव्यावर काय हाय?" मी विचारलं.
"जळूदे," ती म्हणाली.